नाशिक जिल्ह्याचा पाऊस : एक नव्हे, तीन

मेघालयांतील मौसिनराम येथें वर्षास सरासरी ११,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर राजस्थानांतील जैसलमेरास सुमारें २०० मि.मी. पडतो. ही तफावत ऐकून नवल वाटतें. परंतु तसाच प्रकार, लहान प्रमाणांत, आपल्या जिल्ह्यांतही आहे. इगतपुरीस ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस होतो. तेथून ५०-६० किलोमीटरांवरील सिन्नरास ६०० मि.मी.चीही खात्री नसते. म्हणून जिल्ह्याच्या सरासरीवर भिस्त ठेवून पिकाची योजना करणें धोक्याचें होय, असें आमचें मत आहे.

याचें कारण सह्याद्रि. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे या डोंगरास अडून वर चढतात, उंचीवर थंड होतात व त्यांतील पाणी घाटमाथ्यावर कोसळतें. माथा ओलांडून पूर्वेस उतरतांना तेच वारे पुन्हां तापतात व कोरडे होतात. त्यामुळें जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात. पश्चिमेस इगतपुरी, पेठ, सुरगाणा येथें भात व नागली; मध्यें दिंडोरी, निफाड येथें द्राक्षें व गहूं; पूर्वेस येवलें, नांदगांव, मालेगांव येथें बाजरी, मका व कांदा.

स्थळाप्रमाणेंच काळाचाही भेद ओळखला पाहिजे. रोहिणींतील वळीव स्थानिक उष्णतेनें उठतो. तो एक शिवार भिजवितो व शेजारचें कोरडें ठेवतो. त्यास मृगाचा पाऊस समजून पेरणी केल्यास बीं करपतें व दुबार पेरणीचा खर्च माथीं बसतो. मोसमी पाऊस साधारणतः १ जूनला केरळांत व ११ जूनच्या सुमारास मुंबईस पोंचतो. आपल्या शिवारांत ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन ओल खोल गेल्याखेरीज पेरणीची घाई करूं नये, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे.

परतीच्या पावसाचें असेंच आहे. हस्ताची सर हरभऱ्यास तारते. पण छाटलेल्या द्राक्षवेलीच्या कोंवळ्या फुटीवर तीच केवडा रोग आणते. गारांस तर ऋतूचेंही बंधन नाहीं. २०१४ सालीं त्या फेब्रुवारी-मार्चमध्यें पडल्या, तर २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं निफाड भागांतील बागा त्यांनीं झोडपल्या.

तेव्हां प्रत्येक बागाइतदारानें व कोरडवाहू शेतकऱ्यानें आपल्या शेतांत पर्जन्यमापक ठेवावा. तो झाडें व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागीं असावा. रोज सकाळीं ठराविक वेळीं पाणी मोजून वहींत लिहावें. एका एकरावर १ मि.मी. पाऊस म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी, हा हिशेब ध्यानांत ठेवावा. अशी दहा वर्षांची वही ज्याच्या घरीं असेल, त्यास कोणतें पीक पेलेल व पेरणीस केव्हां हात घालावा, हें जिल्ह्याच्या सरासरीपेक्षां ती वहीच अधिक नेमकें सांगेल.