बुद्धिबळ घेताय? आधी टेप घ्या!

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, पातेलं घेताना बुडाला टिचकी मारून बघतो. पण मुलांसाठी बुद्धिबळ घ्यायचं म्हटलं की काय करतो? खोक्यावरचं चित्र बघतो आणि किंमत विचारतो! मीही तेच केलं, आणि त्याचा त्रास झाला माझ्या लेकीला.

आमच्या कल्याणच्या घरी दोन बुद्धिबळं होती. एक मामंजींनी आग्र्याहून आणलेलं संगमरवरी. ते शोकेसमध्ये, महिन्यातून एकदा धूळ पुसण्यापुरतं बाहेर यायचं. दुसरं लोहचुंबकाचं, जेमतेम वीतभर. लोकलने आजोळी जाताना पोरीचा वेळ जावा म्हणून मी घेतलेलं. धाकटी त्यावरच खेळ शिकली. ह्यांचं म्हणणं तर असं, की मोबाइलवर फुकट खेळता येतं, मग पट हवाच कशाला?

गेल्या वर्षी शाळेतून तिचं नाव एका स्पर्धेला गेलं. तिथला पट बघूनच पोर बावरली. चांगला दीड फुटाचा! घरी सगळा डाव एका नजरेत मावायचा, इथे मान वळवून बघावं लागत होतं. पलीकडच्या कोपऱ्यातला उंट तिला दिसलाच नाही आणि तिचा वजीर गेला. चारही डाव हरली. परत येताना रिक्षात मुसमुसत म्हणाली, "आई, मला डोकंच नाहीये गं."

दहा वर्षांच्या मुलीने असं म्हणावं! त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेत एक सर मुलांना बुद्धिबळ शिकवतात. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बाई, मुलगी घरी कसल्या पटावर खेळते?" सराव कमी होता हे खरंच, पण सवय चुकीच्या मापाची होती हेही तितकंच खरं. त्यांच्याकडून जे शिकले ते तुम्हाला सांगते.

माप कसं घ्यायचं?

दुकानात जाताना शिवणकामाची टेप पर्समध्ये टाका. दुकानदार हसला तर हसू दे!

जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, म्हणजे फिडेच्या, शिफारशीप्रमाणे स्पर्धेतला राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार इंच उंच असतो. वजीर साडेआठ, उंट सात, घोडा सहा, हत्ती साडेपाच आणि प्यादं पाच सेंटिमीटर. थोडं कमीजास्त चालतं, पण उंचीचा हा क्रम मोडता कामा नये. पटावरचं एक घर ५ ते ६ सेंटिमीटरचं. सव्वादोन इंचांचं घर धरलं तर आठ घरांचे झाले अठरा इंच. कडेची पट्टी धरून पट वीस इंचांपर्यंत जातो.

हे आकडे लक्षात राहिले नाहीत तरी एक सोपी परीक्षा आहे. एका घरात चार प्यादी उभी करून बघा. चारही मावली पाहिजेत. मावली नाहीत तर घरं लहान, आणि डाव म्हणजे गर्दीच्या वेळचं कल्याण स्टेशन! राजा घराच्या मधोमध ठेवला की त्याच्या बुडाने घराची साधारण पाऊण रुंदी व्यापावी. त्याहून फारच कमी व्यापली तर सोंगट्या पटावर हरवल्यासारख्या दिसतात.

अगदी लहान मुलांसाठी तीन इंचांचा राजा आणि पावणेदोन इंचांचं घर चालेल. हात पलीकडच्या रांगेपर्यंत पोचतो. पण स्पर्धेला जायचं ठरलं की मोठ्या पटाची सवय करायलाच हवी. लोहचुंबकाचं टाकून देऊ नका, प्रवासात ते उपयोगी पडतं.

आणखी काय बघाल?

घाट साधा घ्या. १८४९ साली इंग्लंडमध्ये नथॅनियल कुक यांनी नोंदवलेला 'स्टॉन्टन' घाट आजही स्पर्धांमध्ये चालतो. त्यात घोडा घोड्यासारखा आणि हत्ती बुरुजासारखा दिसतो. नक्षीदार संचात उंट कुठला नि वजीर कुठला, हेच कळत नाही. सोंगटी हातात घेऊन वजन बघा. बुडाशी वजन भरलेली आणि खाली बनात लावलेली सोंगटी पंख्याच्या वाऱ्याने किंवा बाही लागून पडत नाही. पट चकचकीत नको, ट्यूबलाइट डोळ्यांवर येते. घडीचा पट असेल तर उघडून सपाट बसतो का ते बघा. आणि दुकानातून निघण्यापूर्वी सोंगट्या मोजा, प्रत्येक बाजूच्या सोळा. घरात रांगतं मूल असेल तर लहान सोंगट्या त्याच्या हाताशी ठेवू नका.

लाकडी संच देखणा खरा, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. आम्ही वजनदार प्लास्टिकच्या सोंगट्या आणि गुंडाळता येणारा रेक्झिनचा पट घेतला. लाकडापेक्षा स्वस्त पडतो आणि चहा सांडला तरी पुसता येतो!

जागेचं काय?

दोन खोल्यांत वीस इंचांचा पट मांडायचा कुठे? आमच्या जेवणाच्या टेबलावर इस्त्रीही होते आणि गृहपाठही. पहिले आठ दिवस नवा पट कपाटातच होता. मग सुताराकडून प्लायवूडचा एक तुकडा आणला, त्यावर पट अंथरला. जेवायची वेळ झाली की डाव मांडलेला तसाच अलगद दिवाणाखाली सरकवायचा. डाव मोडत नाही, रुसवाफुगवा होत नाही.

सासूबाई म्हणाल्याच, "मुलीच्या खेळासाठी एवढा थाट?" मी त्यांना मुंबईच्या खाडिलकर बहिणींची गोष्ट सांगितली. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणीही राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आणि १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. तीन मुली, एकाच घरातल्या! नागपूरच्या दिव्या देशमुखने तर २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही एकोणिसाव्या वर्षी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी दिवाणाखालचा केर त्यांनी पट न हलवता काढला.

धाकटी यंदा पुन्हा स्पर्धेला गेली. पाचांपैकी दोन डाव जिंकली, तीन हरली. हरलेल्या डावांबद्दल घरी येऊन म्हणाली, "आई, घोडा उगीच कडेला नेला गं." डोकं नाही, असं मात्र म्हणाली नाही. मला तेवढं पुरे आहे.

आणि हो, दुपारी सगळी बाहेर गेली की मामंजी दिवाणाखालून पट ओढतात आणि मला हाक मारतात. अजून एकदाही जिंकले नाहीये. तुम्ही पट घ्याल तेव्हा आपल्यासाठीही घ्या, बरं का!