गाठोड्यातला रविवारचा अंक

स्कॉटलंडमधल्या मॉफट गावापासून दोन मैलांवर, एडिनबराच्या रस्त्याला, एक लहानसा पूल लागतो. खाली खोल घळ आणि तिच्यातून वाहणारा ओढा. नाव गार्डनहोम लिन. 29 सप्टेंबर 1935 च्या रविवारी तिथे फिरायला आलेल्या एका बाईनं कठड्यावरून खाली पाहिलं, तर काठाला अडकलेल्या गाठोड्यातून माणसाचा हात बाहेर आलेला. पोलिसांनी पुढचे कित्येक दिवस ओढा, नदी आणि आजूबाजूची झाडी पालथी घातली. चादरीच्या, कपड्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या पुडक्यांतून मानवी देहाचे सुमारे 70 तुकडे मिळाले. त्यांत दोन शिरं होती. डोळे, कान, नाक, ओठ काढलेले, बरेच दात उपटलेले. हे देह दोन स्त्रियांचे, की एक स्त्री आणि एक पुरुष, हेही सुरुवातीला कळेना.

बेपत्ता माणसांच्या आणि गाजलेल्या खुनांच्या कथा आपण ‘कुणी केलं?’ या एकाच ओढीनं वाचतो. तपास करणाऱ्यापुढे मात्र त्याआधीचा प्रश्न उभा असतो: हा देह कुणाचा? त्याचं उत्तर मिळालं नाही, तर पुढचा सगळा तपास जागच्या जागी थांबतो. जगात कायमची न उकललेली असंख्य प्रकरणं इथेच अडली आहेत. एका पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार पडून असते, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत अनोळखी मृतदेह सापडलेला असतो, आणि दोन्ही कागद एकमेकांसमोर कधी येतच नाहीत. गार्डनहोम लिनचं प्रकरणही तसंच राहिलं असतं. ते तसं राहू नये म्हणून ग्लासगो आणि एडिनबरा विद्यापीठांतल्या काही माणसांनी जे काम केलं, ते न्यायवैद्यकशास्त्रात आजही शिकवलं जातं.

पहिला दुवा मिळाला तो वर्तमानपत्राचा. गाठोड्यांभोवती गुंडाळलेल्या कागदांत ‘संडे ग्राफिक’चा 15 सप्टेंबरचा अंक होता. या पत्राची एक खास स्थानिक आवृत्ती निघे. त्या दिवशीच्या आवृत्तीत मोरकॅम्ब गावच्या उत्सवाचा मजकूर होता आणि ती फक्त मोरकॅम्ब आणि लँकेस्टर भागातच विकली गेली होती. देह सापडले स्कॉटलंडात, पण कागद आला होता शंभरेक मैल दक्षिणेकडून, इंग्लंडमधल्या लँकेस्टरहून. आणि लँकेस्टरमधून दोन स्त्रिया नाहीशा झाल्या होत्या. एक इसाबेला रक्स्टन, वय 34. दुसरी त्याच घरात मुलं सांभाळणारी मेरी जेन रॉजरसन, वय 20.

घर होतं डॉ. बक रक्स्टनचं. हा माणूस जन्मानं मुंबईकर. 1899 मध्ये मुंबईत जन्मलेला पारशी, मूळ आडनाव हकीम, वैद्यकीय पदवी मुंबई विद्यापीठाची. लँकेस्टरच्या डाल्टन स्क्वेअरमध्ये त्याचा दवाखाना चांगला चालत होता आणि गोरगरीब रुग्णांना तो आपला वाटत होता. घरात मात्र संशयानं पछाडलेला नवरा होता. 14 सप्टेंबरला इसाबेला बहिणींबरोबर ब्लॅकपूलची रोषणाई बघायला गेली आणि रात्री उशिरा स्वतः गाडी चालवत घरी निघाली. त्यानंतर तिला कुणी पाहिलं नाही. मेरीलाही नाही. मेरीच्या वडिलांना आणि सावत्र आईला डॉक्टरनं सांगितलं की त्यांची मुलगी गरोदर होती आणि तिची अब्रू वाचवण्यासाठी इसाबेला तिला घेऊन गेली आहे. आपल्या मुलीचं नाव असं मातीत घातलेलं ते घर ऐकून घेणार नव्हतं. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली, म्हणून मेरी ‘बेपत्ता’ म्हणून कागदावर आली, म्हणून वर्तमानपत्रात आली आणि म्हणूनच स्कॉटलंडच्या पोलिसांच्या नजरेस पडली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही तक्रार. प्रयोगशाळा नंतर आली.

ग्लासगोचे न्यायवैद्यक प्राध्यापक जॉन ग्लेस्टर आणि एडिनबराचे शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅश यांच्यापुढे मुख्य काम होतं ते तुकड्यांची वाटणी करण्याचं. कुठलं हाड कुणाचं? हाडांची टोकं वाढत्या वयात कूर्चेनं जोडलेली असतात आणि ठरावीक वयात ती पक्की सांधतात. खांदा, मनगट, गुडघा, प्रत्येक सांध्याचं वेळापत्रक वेगळं. क्ष-किरण चित्रांवरून आणि अक्कलदाढांच्या स्थितीवरून त्यांनी एका देहाचं वय वीसच्या आसपास आणि दुसऱ्याचं 35 ते 45 ठरवलं. दोघीही स्त्रियाच. थोरलीच्या गळ्यातलं कंठास्थी हे नाजूक हाड मोडलेलं होतं. गळा दाबल्याची ती खूण.

देह कापणाऱ्यानं सांध्यासांध्यातून सुरी चालवली होती, करवत कुठेही वापरली नव्हती. शरीररचना अवगत असल्याशिवाय हे जमत नाही. त्यानं काय काय काढून टाकलं याची यादी तज्ज्ञ करत गेले, तेव्हा ती यादीच बोलू लागली. मेरीच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता. धाकट्या शिरातले डोळे काढलेले. तिच्या हातावर जन्मखूण होती; तिथलं मांस नेमकं कापलेलं. इसाबेलाचे पाय गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सारख्याच जाडीचे होते. थोरल्या देहाच्या पायांचं मांस खरवडून काढलेलं. एखाद्यानं पाटीवरचं नेमकं एकच नाव पुसावं आणि पुसलेल्या जागेवरूनच ते नाव ओळखू यावं, तसं हे झालं. या दोघींना जवळून ओळखणाऱ्या माणसालाच या खुणा ठाऊक असणार होत्या.

थोरल्या देहाच्या हातांची बोटं छाटलेली होती. मेरीचे हात मात्र सुरीतून सुटले. डाव्या हाताचे ठसे नीट मिळाले. उजव्या हाताची वरची कातडी पाण्यात सुटून गेली होती, तेव्हा तिच्या खालच्या थराचे ठसे घेतले गेले. बोटावरच्या रेषा कातडीच्या खालच्या थरातच रुजलेल्या असतात, वरचा थर गेला तरी नक्षी टिकते. डाल्टन स्क्वेअरमधल्या घरातल्या भांड्याकुंड्यांवरचे ठसे या हातांशी जुळले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत ब्रिटननं हिंदुस्थानातून नेली होती. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे-कचेरी उघडली आणि तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ज्या पद्धतीवर काम केलं, ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावानं 1901 मध्ये स्कॉटलंड यार्डात पोहोचली. हक आणि बोस यांची नावं त्या पद्धतीला मिळायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

इसाबेलाच्या ओळखीसाठी ब्रॅश यांनी जे केलं ते तोवर कुणी एवढ्या काटेकोरपणे केलं नव्हतं. तिचा एक स्टुडिओतला फोटो होता, डोक्यावर नक्षीदार मुकुटासारखा दागिना घातलेला. अडचण अशी की फोटोत चेहरा मूळ मापाच्या किती पट आहे हे कळत नाही. तो दागिना पोलिसांनी मिळवला, त्याच कोनात ठेवून त्याचं छायाचित्र काढलं आणि त्याच्या मापावरून चेहऱ्याचं खरं माप काढलं. मग कवटी त्याच कोनात कलती करून तिचं छायाचित्र त्याच मापात घेतलं आणि एक प्रतिमा दुसरीवर ठेवली. डोळ्यांच्या खोबणी डोळ्यांवर बसल्या, नाकाचं हाड नाकाखाली आलं, हनुवटीची रेघ जुळली. तीच कवटी मेरीच्या फोटोवर ठेवली तर कुठेच बसेना. दुसरी कवटी मात्र मेरीच्या फोटोवर बसली. या जुळणीनं ओळख एकहाती सिद्ध होत नाही, दुसऱ्या पुराव्यांना ती बळ देते, ही मर्यादा ब्रॅश यांनी स्वतःच मांडली. ‘जुळत नाही’ हे विज्ञान खात्रीनं सांगू शकतं. ‘जुळतं’ म्हणताना त्याला जपून बोलावं लागतं. आपल्याकडे रामलोचन अहीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कवटी आणि छायाचित्राच्या जुळणीचा पुरावा ग्राह्य धरला, तेव्हा या पद्धतीला भारतातही मान्यता मिळाली.

देहांवरच्या अळ्या ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे गेल्या. मेलेल्या प्राण्यावर निळसर रंगाची मोठी माशी काही वेळातच अंडी घालते, आणि अळीच्या वाढीचा वेग तापमानावर ठरतो. म्हणून अळीचं वय काढता आलं तर देह उघड्यावर किती दिवस होता याचा हिशेब लागतो. मर्न्स यांनी अळ्यांचं वय 12 ते 14 दिवस ठरवलं. म्हणजे सप्टेंबरचा मध्य, म्हणजेच दोघी नाहीशा झाल्या तो सुमार. त्या अळ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत.

याच्याच तोडीचा पुरावा दोन साध्या बायकांनी दिला. एका गाठोड्यात ठिगळ लावलेला ब्लाउज होता. मेरीच्या सावत्र आईनं काखेतलं ते ठिगळ पाहिलं आणि हा ब्लाउज मेरीचाच असल्याचं सांगितलं. ठिगळ तिनं स्वतः लावलं होतं. दुसऱ्या गाठोड्यात लहान मुलाचा रोम्पर होता. तो ज्या बाईनं मेरीजवळ मुलांसाठी दिला होता, तिनं त्यातल्या इलॅस्टिकची गाठ ओळखली. ती गाठ तिच्याच हातची होती. गुंडाळलेल्या चादरीच्या काठाला उभ्या धाग्यांत एक दोष होता. मँचेस्टरच्या कापडतज्ज्ञानं तो इसाबेलाच्या पलंगावर उरलेल्या चादरीत दाखवला: त्याच मागावर निघालेला तोच दोष.

रक्स्टनला 13 ऑक्टोबरला अटक झाली. 1936 च्या मार्चमध्ये मँचेस्टरला 11 दिवस खटला चालला. बचावाचे वकील नॉर्मन बर्केट त्या काळातले नामांकित, आणि त्यांचा रोख नेमका ओळखीवरच होता: हे देह या स्त्रियांचे नाहीतच. ज्यूरीनं तासाभरातच दोषी ठरवलं. 12 मे 1936 रोजी स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याला फाशी दिली गेली आणि त्यानंतर त्याची सहीची कबुली छापून आली. इसाबेलाला मारताना मेरीनं पाहिलं, म्हणून तिलाही मारलं.

आज डीएनए आहे. 1995 च्या दिल्लीतल्या तंदूर खून प्रकरणात जळालेल्या देहाची ओळख हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांच्या चमूनं आईवडिलांच्या डीएनएशी ताडून पटवली. पण त्या वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘ताडून’ हा आहे. ताडायला दुसरी बाजू लागते. आपल्या पोलीस ठाण्यांतले अनोळखी मृतदेहांचे पंचनामे पाहा: ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे 40, बांधा सडपातळ, रंग सावळा’. एवढ्यावरून लाखो माणसांतला एक कसा ओळखायचा? आणि हरवल्याच्या तक्रारीतही बहुधा एवढंच लिहिलेलं असतं. मोडून सांधलेलं हाड, दातावरची टोपी, ऑपरेशनचा वण, शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं लेबल, चपलेचा घासलेला एक कोपरा, यांतलं काही तक्रारीत आलं तर ती तक्रार शास्त्रज्ञाच्या कामाची होते.

म्हणून विनंती आहे. घरातल्या प्रत्येकाचा समोरून काढलेला, दात दिसणारा स्पष्ट फोटो जवळ असू द्या. दातांचे एक्स-रे आणि ऑपरेशनची कागदपत्रं टाकून देऊ नका. माणूस हरवल्याचं लक्षात येताच त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. 24 तास थांबावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे. हरवलेलं मूल असेल तर 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार थेट गुन्हा नोंदवायचा असतो, त्याची मागणी करा. तक्रार लिहिताना अंगावरची एकही खूण क्षुल्लक समजू नका आणि आईवडिलांच्या किंवा मुलांच्या डीएनए नमुन्याची विचारणा स्वतःहून करा.