खिळे जुळवणारे हात

भोर-वेल्ह्याकडं भाताचं आवण लावतात ते बहुतेक बायाच. भर पावसात, चिखलात, दिवसभर वाकून. पण निर्णयाची वेळ आली की विचारतात कुणाला? देवाच्या घरीही पुष्कळदा असंच होतं. आज आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या एका बाईंची हकीकत ऐका.

रमाबाईंची विद्वत्ता पाहून १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढं चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना प्रश्न निघाला, की बाईनं पुरुषांना शिकवावं काय? हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ती मुळीच पटली नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली नि विधवा त्यांनी आणल्या आणि पुणे-दौंड रेल्वेवरच्या केडगावला ‘मुक्ती’ सदन उभं केलं. तिथं बाया शेती करू लागल्या, माग चालवू लागल्या, छापखानाही चालवू लागल्या.

याच छापखान्यातून मोठं काम झालं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याला सुमारे अठरा वर्षं लागली. एवढ्या संस्कृत पंडिता, पण शब्द निवडले सोपे. का, तर नुकतीच अक्षरं शिकलेल्या खेड्यातल्या बाईलाही ते कळावेत. खिळे जुळवले ते मुक्तीतल्या बायांनीच. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

रमाबाईंना पाळकाची दीक्षा कधी मिळाली नव्हती. पण शिकवणं, सांभाळणं, शास्त्र समजावून देणं ही पाळकाचीच कामं नव्हेत काय? आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना ती दीक्षा मिळते. रोमन कॅथलिक मंडळीत अजून मिळत नाही.

गुरुजी आणि बाई, वर्गात ही हकीकत सांगाल तेव्हा मुलांना एक विचारा: घरात, देवळात, चर्चमध्ये काम कोण करतं आणि बोलायचा मान कुणाला मिळतो? उत्तर मुलांनाच शोधू द्या.