पोरीला कोणत्या मेडिकलला घालायचे?

नीटचा निकाल लागला की आमच्या वस्तीतले पालक कागदांची पिशवी घेऊन दारात येतात. कुणी रिक्षा चालवतो, कुणी नगरपालिकेत सफाई कामगार, कुणी निवृत्त शिक्षक. प्रश्न एकच : "सर, पोरीला कोणत्या मेडिकलला घालायचं?" प्रश्न साधा दिसतो. पण निर्णय चुकला तर घर कर्जात बुडते आणि लेकरू खचते.

पहिली गोष्ट, नुसत्या नावाला भुलू नका. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे, केईएमचे जी. एस. १९२६ सालचे. त्यांचा दबदबा आहेच. पण गोंदिया, नंदुरबार किंवा २०२४ साली सुरू झालेल्या हिंगोली, वाशिम, गडचिरोलीच्या सरकारी कॉलेजांची परीक्षाही नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठच घेते. पदवी तीच. फरक आहे तो शिकण्यात. डॉक्टर घडतो रुग्णाच्या खाटेशी. नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी, पुण्याचे ससून येथे सकाळपासून गोरगरिबांची रांग असते. त्या गर्दीत विद्यार्थ्याचा हात बसतो. नव्या कॉलेजांत अनेक ठिकाणी अध्यापकांची पदे रिक्त, वसतिगृहाची अडचण. म्हणून पसंतीक्रमात जुने सरकारी वर, नवे सरकारी त्याखाली. पण नवे सरकारी मिळत असताना ते सोडून खासगीकडे धावू नका.

दुसरी गोष्ट पैशाची. २००५ साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्यानंतर ९३ वी घटनादुरुस्ती झाली, २००६ साली महाराष्ट्राने कायदा केला आणि अल्पसंख्याक संस्था सोडून इतर खासगी कॉलेजांत आपल्याला जागा मिळाल्या. केंद्रीभूत फेरीतून अशी जागा मिळाली तर शिष्यवृत्ती आहे. अडीच लाखांवर उत्पन्न असेल तर फ्रीशिप आहे. मात्र ती रक्कम उशिरा येते, आणि मेस, खोली, पुस्तके यांचा खर्च घरालाच करावा लागतो. व्यवस्थापन कोट्याला शिष्यवृत्ती नाही. अभिमत विद्यापीठांत तर आरक्षणच नाही, आणि अनेक ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या वर. "सीट मिळवून देतो" म्हणणारा दलाल घरी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्यापेक्षा एक वर्ष पुन्हा अभ्यास केलेला बरा.

तिसरी गोष्ट माहितीपत्रकात छापलेली नसते. तिथे आपले लेकरू मान वर करून जगू शकेल काय? दिल्लीचे एम्स देशात पहिल्या क्रमांकाचे. पण त्याच एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी वर्गात, परीक्षेत आणि वसतिगृहात होणारा भेदभाव डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ साली नोंदवला. २०१९ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी डॉक्टर पायल तडवी आपण गमावली. जातीवरून छळ झाला, अशी तिच्या कुटुंबाची तक्रार होती.

म्हणून एम्स नको काय? मुळीच नाही. फी नाममात्र, शिक्षण उत्तम. एम्स यादीत सर्वात वर ठेवा. फक्त लेकराला एकटे सोडू नका. प्रवेशाआधी तिथे शिकणाऱ्या आपल्या दोन विद्यार्थ्यांना भेटा. वसतिगृहाचे वातावरण विचारा. समान संधी कक्ष कागदावर आहे की खरोखर चालतो, हे पाहा. प्रवेशानंतर दर आठवड्याला बोला, आणि पोर गप्प झाली तर पहिली गाडी पकडा.

कागदपत्रांत हयगय नको. जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढा. एम्स व अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो.

मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे केल्यावर बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले, कारण मागास मराठवाड्यातल्या पोरांच्या दारात शिक्षण न्यायचे होते. हिंगोली-गडचिरोलीचे कॉलेज यादीत पाहून नाक मुरडण्याआधी एवढे आठवावे. तिथल्या वॉर्डात खाटेवर पडलेला माणूस बहुधा आपलाच असतो. त्याला आपल्या भाषेत "कुठं दुखतंय, बाबा?" असे विचारणारी डॉक्टर आपल्याला हवी आहे.

जयभीम!