सलाईन लावल्याने ताकद येते?

मैत्रिणींनो, पावसाळा सरत आला की आपल्या नाशकात गल्लीत एखादं तरी माणूस तापाने अंथरुणाला खिळलेलं असतं. भेटायला जाणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सलाईन लावलं का?" लावलं असेल तर सगळ्यांना हायसं वाटतं. नसेल, तर डॉक्टरांच्या हुशारीबद्दलच शंका! "फार अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवाच," असं सुचवणाऱ्या काकू-मावश्या तर घरोघरी.

त्या बाटलीत असतं तरी काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. बस्स! ग्लुकोजची नेहमीची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर. तेवढी ताकद एका पोळीतूनही मिळते.

मग सलाईन देतात कशाला? रक्त वाहतं राहावं म्हणून. बाईच्या रक्तात शंभर भागांत साधारण ३६ ते ४६ भाग तांबड्या पेशी, बाकी बहुतेक पातळ द्रव. आमटी आटली की डाळ तेवढीच राहते, पाणी कमी होतं आणि ती पळीवरून ओघळत नाही. जुलाब-उलट्यांत रक्ताचं तसंच होतं. एकतर ते दाट होतं, बारीक केशवाहिन्यांतून नीट सरकत नाही. शिवाय मुळात कमी पडतं, हृदयाला पुढे ढकलायला पुरत नाही. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, नाडी लागेनाशी होते.

पटकीच्या रोग्याच्या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातात, हे ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने दाखवलं. (पुढे हिंदुस्थानात तारायंत्र आणणारे ते हेच, बरं का!) त्यावरून १८३२ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी एका मरणासन्न म्हातारीच्या शिरेत मीठपाणी सोडलं. अर्ध्या तासात तिचा चेहरा पालटला, नाडी परत लागली. लॅटा निश्चिंत होऊन गेले. पण जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा कुणी दिलं नाही आणि काही तासांत ती गेली. किती द्यायचं, कधीपर्यंत द्यायचं, हाच खरा प्रश्न आहे.

डेंग्यूत तर हे फारच नाजूक. आपण सगळ्या "प्लेटलेट्स किती?" एवढंच विचारतो. डॉक्टरांची नजर 'हिमॅटोक्रिट'वरही असते; म्हणजे रक्तात पेशींचा भाग किती, तो आकडा. डेंग्यूत रक्तवाहिन्यांतून पाणी आतल्या आत झिरपतं, तेही बहुधा ताप उतरायच्या सुमारास. घरची माणसं निर्धास्त होतात तेव्हाच! आकडा चढला तर रक्त दाट होतंय, मग सलाईनचा वेग वाढवतात. एक-दोन दिवसांनी झिरपलेलं पाणी आपणहून रक्तात परततं. तेव्हाही बाटल्या चालूच राहिल्या तर पाणी फुफ्फुसात साचून धाप लागते. म्हणून "अजून एक लावा ना" असा आग्रह डॉक्टरांना करू नये. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, रक्तस्राव झाला किंवा माणूस मलूल पडलं, तर मात्र तडक दवाखाना गाठावा.

बाळंतपणात फार रक्त गेलं तर गोष्ट वेगळी. सलाईनने रक्त फिरतं, पण पातळ होतं. प्राणवायू वाहणाऱ्या पेशी विरळ होतात, रक्त गोठवणारे घटकही. डॉक्टरांनी रक्त आणायला सांगितलं, तर "सलाईन चालू आहे ना" म्हणत वेळ काढू नये.

आणि साध्या जुलाबांत, तोंडाने पिता येत असेल तर सुईची गरजच नसते. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजूनच असंख्य पटकीचे रोगी वाचवले. ओआरएसची पुडी घरात असू द्या. नसेल तेव्हा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा.