सारस आणि ट्रॉयची राजकन्या
कालिदासाने ‘मेघदूता’त उज्जयिनीचं वर्णन करताना शिप्रेवरच्या पहाटवाऱ्यासोबत सारसांचा आवाजही ऐकवला आहे. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच असलेल्या या सारसाचं शास्त्रीय नाव अँटिगनी अँटिगनी. त्यातलं जातिनाम स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५८ मध्ये दिलं. ते ऐकून अनेकांना सोफोक्लीसच्या नाटकातली ईडिपसची मुलगी आठवते; पण ही अँटिगनी वेगळी, ट्रॉयचा राजा लाओमेडॉन याची कन्या. देवी जूनोशी बरोबरी करण्याचा तिने गर्व केला आणि देवीने तिचा पक्षी करून टाकला, असं रोमन कवी ओव्हिड सांगतो. मात्र त्याच्या कथेतला पक्षी आहे पांढरा करकोचा! लिनियसने सारसाला ठेवलं होतं तेही बगळ्यांच्या ‘आर्डिया’ प्रजातीत. पुढे तो क्रौंचांच्या ‘ग्रुस’मध्ये गेला, आता त्याची प्रजातीही ‘अँटिगनी’च. सारसाचं इंग्रजी नाव मात्र थेट आपल्याकडून गेलेलं, सरोवराशी नातं सांगणारं.