डिपॉझिट जप्त होतं म्हणजे नेमकं काय होतं?

ताईंनो, निकाल लागला की गावात चर्चा होते, ‘अमक्याचं डिपॉझिट गेलं.’ हे डिपॉझिट काय असतं आणि कधी जातं, हे आपल्यालाही माहीत पाहिजे.

पुण्याचे विजयप्रकाश कोंडेकर यांचं उदाहरण घ्या. वीज मंडळातून निवृत्त झालेले हे गृहस्थ अपक्ष म्हणून पुन्हा पुन्हा उभे राहिले. 2019 पर्यंत 24 निवडणुका हरले. त्या वर्षी लोकसभेला ‘बूट’ चिन्ह घेऊन, गाडा ओढत प्रचाराला फिरले. पक्षाशिवायही निवडणूक लढवता येते, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पण या प्रचारापायी वडिलोपार्जित जमीन आणि घर विकावं लागलं.

उभं राहायला काय लागतं? विधानसभेसाठी वय 25 पूर्ण आणि राज्याच्या मतदार यादीत नाव. अपक्षाला त्याच मतदारसंघातले 10 मतदार सूचक म्हणून लागतात. अनामत रक्कम, म्हणजेच डिपॉझिट, 10,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5,000. पूर्वी विधानसभेला 250 रुपयेच होते. 1996 मध्ये तामिळनाडूतल्या एका मतदारसंघात तब्बल 1,033 उमेदवार उभे राहिले. त्याच वर्षी रक्कम वाढवली.

आता हिशोब बघा. हरलेल्या उमेदवाराला एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं पडली, तर रक्कम परत मिळते. समजा आपल्या जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरी किंवा हिंगोली मतदारसंघात 1,80,000 वैध मतं पडली. भागिले सहा, म्हणजे 30,000. एखादीला 30,001 मतं पडली, तर पैसे परत. बरोबर 30,000 पडली, तर जप्त. ‘नोटा’ची मतं यात धरत नाहीत.

म्हणजे डिपॉझिट जाणं हा दंड नाही आणि गुन्हा तर नाहीच. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. उद्या आपल्यातलीच कुणी पुढं विधानसभेला उभी राहील. हरली तर तिला नावं ठेवू नका.

पण दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. सूचक म्हणून सही मागितली, तर अर्ज वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. आणि निवडणुकीचा खर्च गटाच्या बचतीतून किंवा कर्जातून करू नका. उमेदवार हरला तरी हप्ता चुकत नाही, आणि तो दहाजणींच्या डोक्यावर बसतो.